रेषा कुणी आखली, कशासाठी आखली?

अरब देश आणि इस्रायल यांच्या संघर्षावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं वेगवेगळ्या गावांची असली तरी बहुतेकांचा रोख एकच आहे: हद्द नेमकी कुठे, आणि ती कुणी ठरवली? म्हणून शक्य तिथे आम्ही रेषेसोबत तिची तारीख आणि हेतूही दिला आहे. बांधाचा वाद सोडवताना आपण आधी मोजणी कधीची ते विचारतो, तसंच हे.

बातम्यांत 'हिरवी रेषा', '१९६७ ची सीमा' आणि '१९४९ ची शस्त्रसंधी रेषा' असे तीन शब्द येतात. या तीन वेगळ्या रेषा आहेत का? (सांगली)

रेषा एकच आहे, नावं तीन. तिला सीमा म्हणणं मात्र चूक आहे आणि ही चूक किरकोळ नाही.

१४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी इजिप्त, ट्रान्सजॉर्डन (आजचा जॉर्डन), सीरिया, इराक आणि लेबनॉन यांची सैन्यं युद्धात उतरली. पुढच्या वर्षी इस्रायलने चार शेजाऱ्यांशी चार स्वतंत्र करार केले: इजिप्तशी २४ फेब्रुवारी, लेबनॉनशी २३ मार्च, जॉर्डनशी ३ एप्रिल आणि सीरियाशी २० जुलै १९४९. इराकने करार केलाच नाही, फक्त सैन्य परत नेलं. लेबनॉनच्या बाजूला ब्रिटिश-फ्रेंच काळातली जुनी सरहद्दच शस्त्रसंधी रेषा म्हणून घेतली. बाकी ठिकाणी त्या क्षणी सैन्य जिथे उभं होतं, त्याच्या आसपास रेषा पडली. ५ जून १९६७ ला सुरू झालेल्या युद्धात इस्रायल तिच्यापलीकडे गेलं; त्या सकाळपर्यंत ती तशीच राहिली, म्हणून तिला '१९६७ ची' म्हणतात.

इजिप्तबरोबरच्या कराराच्या पाचव्या कलमात लिहिलं आहे की ही रेषा कोणत्याही अर्थाने राजकीय किंवा प्रादेशिक सीमा समजू नये. इस्रायलला मान्यता द्यायची नसल्याने त्या काळी अरब देशांना असं वाक्य हवंच होतं. १९६७ नंतर भूमिका उलटल्या. अरब बाजू आता हीच रेषा हद्द म्हणून पुढे करते आणि इस्रायल त्या जुन्या वाक्यावर बोट ठेवतं. एखादा पक्ष 'ही सीमा कधी नव्हतीच' किंवा 'ही सीमा सर्वमान्य आहे' असं म्हणू लागला की आधी तो कोणत्या सालचा कागद वाचतो आहे ते पाहावं.

रेषा जमिनीवर कशी उतरली तेही सांगायला हवं. जेरुसलेममध्ये ३० नोव्हेंबर १९४८ ला इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल यांनी एकाच नकाशावर आपापल्या ताब्याच्या रेषा मेणाच्या पेन्सिलीने ओढल्या, एकाने हिरवी आणि दुसऱ्याने लाल. नकाशाचं प्रमाण १:२०,००० होतं. मऊ पेन्सिलीची रेघ तीन-चार मिलिमीटर जाड आली, म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवर ६० ते ८० मीटर. तेवढ्या पट्ट्यात घरं होती, गल्ल्या होत्या. रेषेची जाडी कुणाची, यावर पुढे १९ वर्षं तंटे चालले. जेरुसलेमच्या दक्षिणेचं बैत सफाफा गाव तर मधोमध कापलं गेलं आणि १९६७ पर्यंत त्यातून तारेचं कुंपण गेलं होतं. जवळच्या बत्तीर गावाने वेगळा मार्ग काढला. जाफा-जेरुसलेम रेल्वेला धक्का लावायचा नाही, या बोलीवर तिथल्या शेतकऱ्यांनी रेषेपलीकडची आपली शेतं कसायची मुभा टिकवली.

कायद्याचा अभ्यास करताना ठराव २४२ मधल्या एका 'द' वरून वाद असल्याचं वाचलं. एवढ्याशा शब्दाने काय होतं? (पुणे)

मराठी वाचकाला हा वाद समजायला अवघड जातो, कारण इंग्रजीतल्या 'द' (the) सारखा शब्दच आपल्या भाषेत नाही.

१९६७ च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२ नोव्हेंबर १९६७ ला हा ठराव एकमताने संमत केला. मसुदा ब्रिटनचे लॉर्ड कॅराडन यांचा. इंग्रजी मजकुरात 'अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या भूभागांतून' इस्रायली सैन्याने माघार घ्यावी असं आहे आणि 'टेरिटरीज' च्या आधी 'द' नाही. म्हणजे 'ते सगळे भूभाग' असा अर्थ निघत नाही, काही भूभागांतून माघार घेतली तरी चालेल, असं इस्रायल म्हणतं. फ्रेंच मजकुरात 'दे तेरितुआर' आहे आणि त्याचा साधा अर्थ 'त्या भूभागांतून' असा होतो. अरब देश तो मजकूर दाखवतात. शिवाय युद्धाने जमीन मिळवणं अमान्य आहे असं प्रस्तावनेत लिहिलं आहे, त्याकडेही ते लक्ष वेधतात. मराठीत 'व्यापलेल्या भूभागांतून' असं भाषांतर केलं की दोन्ही अर्थ एकाच वाक्यात मावतात. म्हणून मराठी भाषांतरावरून कुणी या बाजूने किंवा त्या बाजूने निकाल देत असेल तर तो ग्राह्य धरू नये.

शब्द चुकून गळला नव्हता. 'द' आणि 'सर्व' दोन्ही घालावेत यासाठी बराच आग्रह झाला आणि तो मान्य झाला नाही. तेव्हा भारत परिषदेचा सदस्य होता. सगळ्या भूभागांतून माघार असाच आपण या ठरावाचा अर्थ लावतो, हे भारताच्या प्रतिनिधीने मतदानाआधी बोलून दाखवलं आणि मग बाजूने मत दिलं. संदिग्ध ठेवला म्हणून ठराव एकमताने झाला. त्याच संदिग्धतेमुळे तो आजवर पूर्ण अमलात आला नाही.

१९७३ च्या युद्धात इजिप्तने सुएझवरची वाळूची भिंत पाण्याने फोडली म्हणतात. हे तांत्रिकदृष्ट्या कसं जमलं? (नाशिक, स्थापत्य अभियंता)

आपल्या धंद्यातला प्रश्न आहे, म्हणून आकड्यांनिशी सांगतो.

कालव्याची रुंदी साधारण २०० मीटर. पूर्व काठावर इस्रायलने कालव्यातून उपसलेली वाळू रचून सुमारे २० मीटर उंचीपर्यंतचा बांध घातला होता आणि त्यावर बार-लेव्ह रेषेच्या चौक्या होत्या. रणगाडे उतरवायचे तर बांधात सुमारे सात मीटर रुंदीच्या खिंडी पाडाव्या लागणार होत्या. इजिप्तच्या हिशोबाने एका खिंडीमागे दीड हजार घनमीटर वाळू हलवायची, म्हणजे आपल्याकडच्या मापात सव्वापाचशे ब्रासहून जास्त. अशा साठ-सत्तर खिंडी हव्या होत्या.

सुरुंग आणि बुलडोझर लावून पाहिले. सुरुंगाने वाळू उडते आणि तितकीच पुन्हा घसरून खाली येते. बुलडोझर चालवायचा तर तो आधी पलीकडे न्यावा लागतो आणि तासन्‌तास गोळीबारात उभा करावा लागतो. इजिप्तच्या 'बाकी झकी युसेफ' नावाच्या अभियंता अधिकाऱ्याने आस्वानच्या धरणावर पाण्याच्या झोताने वाळू वाहवून नेण्याचं काम पाहिलं होतं. त्याने तीच रीत सुचवली. कालव्याचं पाणी हाताशीच होतं. पंप तराफ्यावर ठेवायचा, झोत बांधाच्या पायथ्याशी मारायचा, पाया खचला की वरचा थर आपोआप कोसळतो आणि कालव्यात वाहून जातो. वरून झोत मारला तर नुसता चर पडतो, हे सरावात कळलं. सुमारे ४५० पंप जमवले, त्यांतले काही ब्रिटिश आणि जास्त ताकदीचे काही जर्मन. एका खिंडीला आधी दहा-बारा तास लागत होते, ते काम दोन-तीन तासांवर आलं.

६ ऑक्टोबरला दुपारी दोन वाजता तोफखाना सुरू झाला. पायदळ होड्यांतून पलीकडे गेलं आणि दोरीच्या शिड्यांनी बांधावर चढलं. रणगाडे येईपर्यंतचा वेळ रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं खांद्यावरून वाहून नेणाऱ्या या तुकड्यांनीच भरून काढायचा होता. संध्याकाळपासून खिंडी मोकळ्या होऊ लागल्या आणि रात्री तरंगते पूल जोडले गेले.

सगळं सुरळीत झालं नाही. उत्तरेच्या दुसऱ्या सैन्याचं वेळापत्रक बरंचसं जमलं. दक्षिणेच्या तिसऱ्या सैन्याच्या भागात वाळूत चिकणमाती होती. तिच्यावर पाणी मारलं तर ती वाहून न जाता चिखल होऊन बसली. वाहनं रुतली आणि पुलांना कित्येक तासांचा उशीर झाला. एकाच बांधाची माती सगळीकडे सारखी असेल असं धरून चालल्याची ही किंमत. आपण मुरूम टाकण्याआधी जागोजागी चाचणी का घेता, ते इथे दिसतं.

खरी मोठी चूक पुढे झाली. पश्चिम काठावरच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचं छत्र पूर्वेला दहा-बारा किलोमीटरपर्यंतच पोचत होतं. १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे त्याबाहेर गेले आणि त्या एका दिवसात सुमारे अडीचशे रणगाडे गमावले. १५-१६ च्या रात्री दुसऱ्या आणि तिसऱ्या सैन्यांमधल्या फटीतून, ग्रेट बिटर सरोवराच्या उत्तरेला, इस्रायली तुकड्या कालवा ओलांडून पश्चिमेला आल्या आणि त्यांनी तिसऱ्या सैन्याची रसद तोडली. कैरो-सुएझ रस्त्यावरच्या १०१ व्या किलोमीटरवर दोन्ही सेनाधिकारी तंबूत बोलणीला बसले ते या वेढ्यामुळे. पहिल्या आठवड्यातलं इजिप्तचं यश आणि नंतरचा वेढा ही दोन्ही चित्रं डोळ्यांसमोर ठेवली तरच पुढचा तह कळतो: इजिप्तचा मान राहिला होता आणि इस्रायलचा आत्मविश्वास हलला होता.

मग सिनाई पूर्ण इजिप्तचा असताना तिथे सैन्य आणायला इस्रायलची संमती का लागते? (जालना)

इजिप्त आणि इस्रायल यांच्या २६ मार्च १९७९ च्या तहात सिनाईचे (सुएझ कालव्याच्या पूर्वेच्या द्वीपकल्पाचे) पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन पट्टे केले आहेत. कालव्याजवळच्या 'ए' पट्ट्यात इजिप्तची एक यांत्रिक डिव्हिजन ठेवता येते: जास्तीत जास्त २२,००० माणसं आणि २३० रणगाडे. मधल्या 'बी' पट्ट्यात सीमासुरक्षेच्या चार बटालियन, ४,००० माणसं आणि हलकी शस्त्रं. इस्रायलला लागून असलेल्या 'सी' मध्ये फक्त इजिप्तचे नागरी पोलीस आणि निरीक्षक. हद्दीपलीकडे इस्रायलच्या बाजूलाही 'डी' नावाची अरुंद पट्टी आहे, हे पुष्कळदा विसरलं जातं. तिथे इस्रायललाही रणगाडे ठेवता येत नाहीत. निरीक्षक संयुक्त राष्ट्रांचे नाहीत, तर स्वतंत्र बहुराष्ट्रीय दलाचे आहेत. १९८२ मध्ये इस्रायलची माघार पूर्ण झाली तेव्हापासून ते तिथे आहेत.

आकड्यांत बदल करायचा तर दोघांची संमती लागते. २००५ मध्ये गाझाच्या १४ किलोमीटर हद्दीवर इजिप्तचे ७५० सीमारक्षक आणायलाही वेगळा करार करावा लागला.

याच तहातला, 'ताबा' नावाच्या सीमेवरच्या गावाचा वाद तर आपल्या तालुक्याच्या मोजणी कार्यालयात शोभला असता. अकाबाच्या आखाताशी ९१ क्रमांकाचा सीमास्तंभ मुळात कोणत्या जागी होता, एवढाच प्रश्न. हद्द १९०६ ची. लवादाने जुने नकाशे आणि छायाचित्रं तपासून २९ सप्टेंबर १९८८ ला चार विरुद्ध एक मताने इजिप्तची जागा ग्राह्य धरली आणि मार्च १९८९ मध्ये ताबा गाव इजिप्तला परत गेलं. या साऱ्या संघर्षात कागदावर सुटलेला आणि सुटलेलाच राहिलेला हा एक वाद. याची चर्चा जास्त व्हायला हवी असं आम्हांला मनापासून वाटतं.

जॉर्डन आणि इस्रायल पाणी कसं वाटून घेतात? आमच्याकडे कृष्णेचं भांडण दोन पिढ्यांत मिटलं नाही. (कराड)

१९९४ च्या तहाचं दुसरं परिशिष्ट पाण्याचं आहे. आकडे दलघमीत (दशलक्ष घनमीटर) आहेत. टीएमसीत (अब्ज घनफूट) करायचे तर २८.३ ने भागावं.

यार्मुक नदीतून इस्रायल उन्हाळ्यात (१५ मे ते १५ ऑक्टोबर) १२ दलघमी आणि हिवाळ्यात १३ दलघमी घेतं, उरलेलं जॉर्डनचं. जॉर्डनकडे हिवाळ्याचं पाणी साठवायला पुरेशी जागा नव्हती. म्हणून हिवाळ्यात इस्रायल यार्मुकमधून आणखी २० दलघमी उचलतं आणि उन्हाळ्यात जॉर्डन नदीचं तेवढंच पाणी जॉर्डनला देतं. तिबेरियास सरोवर हे इथे ठेव ठेवायचं खातं. खाऱ्या झऱ्यांचं गोडं केलेलं १० दलघमी आणि नंतर ठरलेला २५-३० दलघमीचा हप्ता धरला तर वर्षाचा आकडा ५५ दलघमीच्या आसपास जातो. म्हणजे जवळपास दोन टीएमसी, एक खडकवासला. आपल्याला तो लहान वाटेल, पण अम्मानमध्ये आठवड्यातून एखाद-दोन दिवसच नळाला पाणी येतं.

त्रुटी कुठे आहे? दुष्काळात कुणी किती सोसायचं, हे तहात लिहिलेलं नाही. आपल्याकडे कृष्णेच्या पाण्यासाठीच्या बच्छावत लवादाने निदान ७५ टक्के भरवशाचं पाणी धरून वाटप केलं. इथे नुसते ठोक आकडे आहेत. १९९९ च्या दुष्काळात इस्रायलने कपात सुचवली, तेव्हा जॉर्डनमध्ये तहभंगाची ओरड झाली. अखेर वाटाघाटींनी ते निभावलं. २०२१ मध्ये इस्रायलने जास्तीचं ५० दलघमी विकायचं मान्य केलं, तेही समुद्राचं पाणी गोडं करण्याचे कारखाने उभे राहिल्यावर. पावसावर अवलंबून असताना ते जमलं नसतं.

याच सरोवराच्या ईशान्य काठावर सीरियाचा वाद आहे. १९२३ च्या ब्रिटिश-फ्रेंच आखणीत हद्द पाण्यापासून दहा मीटर आत, जमिनीवर ठेवली होती, म्हणजे काठ पॅलेस्टाईनचा. १९६७ च्या आधी सीरियाचे सैनिक प्रत्यक्षात काठावर होते. सीरिया ४ जून १९६७ ची स्थिती मागतो, इस्रायल काठ सोडायला तयार नाही. मार्च २००० मधली सीरिया आणि अमेरिका यांच्या अध्यक्षांची जिनिव्हाची भेट या पट्टीवरच अडली. त्यातच सरोवराची पातळी घटते तसा काठही सरकतो.

पॅलेस्टिनींच्या नातवंडांनाही निर्वासित का म्हणतात? असं दुसऱ्या कुणाला मिळतं का? (नागपूर)

१ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात पॅलेस्टाईनमध्ये राहणारी आणि युद्धात घर व उपजीविका दोन्ही गमावलेली व्यक्ती, अशी यूएनआरडब्ल्यूए या पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेची व्याख्या आहे. अशा पुरुषांच्या वंशजांची नोंदही ती करते. मूळचे सुमारे सात लाख होते, आज नोंद ५९ लाखांच्या आसपास आहे. बाकी जगाच्या निर्वासितांची जबाबदारी यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या संस्थेकडे. पण १९५१ च्या निर्वासित कराराने, संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थेकडून मदत मिळणाऱ्यांना वगळलं. त्यामुळे दोन वेगळी खाती पडली.

वंशजांचा दर्जा फक्त पॅलेस्टिनींनाच मिळतो, हे मात्र खरं नाही. छावण्यांत जन्मलेली अफगाण मुलंही आई-वडिलांसोबत निर्वासितच मोजली जातात. खरा वाद परतण्याच्या हक्काचा आहे. डिसेंबर १९४८ चा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव १९४ त्याचा आधार. शेजाऱ्यांशी शांततेने राहू इच्छिणाऱ्यांना परतू द्यावं, इतरांना भरपाई द्यावी, असं तो म्हणतो. आमसभेचे ठराव बंधनकारक नसतात, आणि अरब देशांतून निघालेल्या लाखो ज्यूंना आम्ही सामावून घेतलं, ही इस्रायलची उत्तरं. त्या ज्यूंचीही घरं-दुकानं गेली, त्यांचा हिशोब कुणी केला नाही, हेही खरं. एकाची हानी दाखवून दुसऱ्याची पुसली जात नाही.

आमच्या गावचे बेने इस्रायली लोक असेच हाकलले गेले होते का? आणि १९४७ ला भारताने विरोधात मत का दिलं? (अलिबाग)

नाही. कोकणातले शनवार तेली, म्हणजेच बेने इस्रायली, स्वेच्छेने गेले. इथे त्यांचा छळ झाला नाही, ही नोंद इस्रायलमध्येही आदराने केली जाते. उलट तिथे पोचल्यावर काही रब्बींनी त्यांच्या लग्नांवर शंका घेतली. त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. इराकच्या ज्यूंची गोष्ट वेगळी: १९५०-५१ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसं नागरिकत्व आणि मालमत्ता सोडून विमानांनी निघाली.

पॅलेस्टाईनसाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अकरा सदस्यांच्या समितीत भारत होता. इराण आणि युगोस्लाव्हियासोबत भारताने पॅलेस्टाईनच्या फाळणीऐवजी एक संघराज्य सुचवलं. २९ नोव्हेंबर १९४७ ला ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी संमत झाली, १० तटस्थ राहिले. आपल्या फाळणीला तेव्हा साडेतीन महिनेच झाले होते. भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० ला मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जुळले. तोवर मुंबईतल्या वाणिज्य दूतावासावरच काम चाललं.

जॉर्डन-इस्रायल-इजिप्त अशी सहल केली तर पुढे आखातात नोकरीला अडचण येईल का? (ठाणे)

इस्रायल आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, वेगळी चिठ्ठी देतं. ती परत निघेपर्यंत जपावी. पण ताबाच्या नाक्यावर इजिप्तचा शिक्का बसला तर तो इस्रायलच्या हद्दीचा आहे, हे अधिकाऱ्याला लगेच कळतं. अमिरात आणि बहरीनने २०२० मध्ये संबंध जोडले, तिथे अडचण नाही. लेबनॉन मात्र अशा पुराव्यावर प्रवेश नाकारतो. कुवेतला जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी त्यांच्या वकिलातीचा त्या दिवशीचा नियम वाचावा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

आता गाझात 'पिवळी रेषा' म्हणतात ती कोणती? (कोल्हापूर)

ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामात इस्रायली सैन्य ज्या रेषेपर्यंत मागे हटलं, ती. निम्म्याहून अधिक गाझा तिच्या इस्रायली बाजूला राहिला. ती पुढच्या माघारीपर्यंतची तात्पुरती खूण म्हणून आखली आहे आणि जमिनीवर पिवळे काँक्रीटचे ठोकळे ठेवून दाखवली जाते. नकाशावरची रेषा आणि ठोकळ्यांची जागा यांत फरक पडला तर शेतात किंवा पडक्या घरात परतणाऱ्या माणसाला आपण कुठे उभे आहोत ते समजत नाही, आणि तिथे चुकीच्या बाजूला पाऊल पडणं म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून या रेषेची बातमी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: ठोकळे नकाशाबरहुकूम आहेत का, रेषा मागे सरकायची अट काय ठरली आहे, आणि ती अट पुरी झाली असं कोण जाहीर करणार. १९४९ च्या करारांत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.